शिडाच्या होडीवरचा उजेड : फ्रीडरिखच्या चित्राची तैलरंगात कॉपी, पायरीपायरीने

माझ्या रविवारच्या वर्गात दरवर्षी दोनतीन जण तरी हे चित्र निवडतात. ‘शिडाच्या होडीवर’ (इंग्रजीत ‘ऑन द सेलिंग बोट’) हे त्याचं नाव. कास्पर डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराने ते १८१८ ते १८२० या काळात रंगवलं. होडीच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे नाळेवर, एक जोडपं पाठमोरं बसलंय. हातात हात आहे. वर शीड, आणि समोर सोनेरी धुक्यात कुठलंसं शहर, त्याचे मनोरे. मूळ चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे.

दिसायला सोपं वाटतं, म्हणूनच निवडलं जातं. आणि कॉपी जवळजवळ नेहमी तीनपैकी एका तऱ्हेने बिघडते. आकाश हळदीसारखं पिवळंजर्द होतं, नाहीतर मधोमध हिरवट पट्टा उठतो, नाहीतर पांढरा घालून घालून सगळंच खडूसारखं पडतं. तिन्हींचं कारण एकच. आपण उजेड रंगाच्या ट्यूबमधून काढायला जातो. या प्रकारच्या चित्रात उजेड खालच्या पांढऱ्या अस्तरातून यायला हवा, आणि त्यासाठी तो पहिल्या दिवसापासून सांभाळावा लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत, त्यामुळे त्यांचा क्रम मोडू नका.

## सुरुवात कधी करायची

प्रत्यक्ष हात चालवायचं काम वीस-बावीस तासांचं आहे, पण थर वाळण्याची वाट बघण्यात दीड-दोन महिने जातात. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला वेळ लागतोच. पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, हे काम सुरूच करू नका. दिवाळीनंतर सुरू केलंत तर संक्रांतीपर्यंत होतं.

हेअर ड्रायर मारून घाई करणारे असतात. वरचा पापुद्रा कोरडा वाटतो, खालचा ओला राहतो, आणि काही महिन्यांनी तडे जातात.

## तयारी : काय घ्यायचं, काय घ्यायचं नाही

कॅनव्हास. मूळ चित्र ७१ सेंटिमीटर उंच आणि ५६ सेंटिमीटर रुंद आहे. बाजारात मिळणारा ११ × १४ इंचांचा कॅनव्हास उभा धरला तर जवळजवळ बरोबर निम्म्या मापाचा भरतो. हा योगायोग सोडू नका. १२ × १६ घेतलात तर प्रमाण बदलेल आणि कुठेतरी आकाश ताणावं लागेल.

रंग. आठ ट्यूब पुरतात : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ सिएना, इंडियन यलो, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि परमनंट रोज. लेमन यलो आणि कॅडमियम यलो घरीच ठेवा. समोर असले की हात जातोच, आणि मग हळद. काळ्याची गरज नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून पुरेसा गडद मिळतो आणि तो मेलेला दिसत नाही.

ट्यूब घेताना तिच्यावरचा छोटा चौकोन बघा. बऱ्याच कंपन्यांच्या ट्यूबवर तो असतो. रिकामा चौकोन म्हणजे पारदर्शक रंग, भरलेला म्हणजे झाकणारा, अर्धा भरलेला म्हणजे मधला. रॉ सिएना, इंडियन यलो आणि अल्ट्रामरीन शक्यतो पारदर्शकच निवडा. स्वस्तातल्या विद्यार्थी सेटमध्ये काही रंगांत भराव जास्त असतो. त्यांचा पातळ थर दिला की काचेसारखा न दिसता दुधाळ दिसतो.

पांढऱ्याबद्दल थोडं सविस्तर. टायटॅनियम (ट्यूबवरचा सांकेतिक क्रमांक पीडब्ल्यू ६) जबरदस्त झाकतो. झिंक व्हाइट (पीडब्ल्यू ४) पारदर्शक आहे म्हणून ग्लेझसाठी, म्हणजे वाळलेल्या रंगावरच्या पातळ पारदर्शक थरासाठी, मोह होतो, पण तेलात तो ठिसूळ होतो आणि जाड थरात तडकतो. मी टायटॅनियमच वापरते, पण तांदळाच्या दाण्याएवढा घेऊन. जुने चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो विषारी आहे, घरात नकोच.

तेल आणि टर्पेंटाइन. चित्रकारांसाठीचं शुद्ध केलेलं जवसाचं तेल घ्या. स्टँड ऑइल (तापवून दाट केलेलं जवसाचं तेल) मिळालं तर उत्तम, ते कमी पिवळं पडतं. लाकडी घाण्याचं खायचं जवस तेल यासाठी नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं अळशीचं तेलही नाही, ते लवकर वाळतं पण गडद होत जातं. खोबरेल तर कधीच वाळत नाही. एकीने खोबरेल घालून आकाश रंगवलं होतं. चार महिन्यांनीही बोटाला लागत होतं आणि त्यावर वर्गातली सगळी धूळ बसली होती. टर्पेंटाइनच्या जागी रॉकेल किंवा भिंतीच्या रंगाचा थिनरही चालत नाही.

ब्रश. दोन फ्लॅट (एक इंची, एक अर्धा इंची), दोन मऊ गोल, आणि दोरांसाठी लांब केसांचा बारीक रिगर. रंग एकमेकांत विरवायला महागडा मॉप ब्रश लागत नाही. दाढीचा जुना ब्रश धुऊन, पूर्ण कोरडा करून वापरा. माझ्याकडचा वडिलांचा आहे आणि दुकानातल्या कुठल्याही ब्रशपेक्षा बरा चालतो.

सावधान : जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चोळामोळा करून कचऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. तारेवर पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइनची बाटली स्वयंपाकघरात उघडू नका.

## १. संदर्भचित्र तयार करा

इंटरनेटवर या चित्राचे फोटो वेगवेगळ्या रंगांत सापडतात. एकात आकाश केशरी, दुसऱ्यात राखाडी, तिसऱ्यात कोणीतरी रंग वाढवून ठेवलेले. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा फोटो मुख्य धरा आणि आणखी दोन शेजारी ठेवून बघा. तिन्हींत जे सारखं आहे त्यावर विश्वास ठेवा.

मग मॅट कागदावर ११ × १४ मध्येच प्रिंट काढा. फोनचा पडदा मागून उजळलेला असतो, कॅनव्हास नसतो. पडद्यावरचा झळाळ गाठायच्या नादात लोक पांढरा ओतत बसतात. रंगवताना समोर प्रिंट, आणि फोन फक्त बारकावे मोठे करून बघायला.

एक प्रत काळीपांढरीही काढा. पुढे ती रंगीत प्रतीपेक्षा जास्त वेळा लागेल.

तपासणी : राखाडी पुठ्ठ्याला अर्धा सेंटिमीटरचं भोक पाडा आणि ते प्रिंटवरच्या आकाशावर ठेवून पाहा. जो रंग तुम्हाला लख्ख सोनेरी वाटत होता तो एकटा पाहिला तर मळकट, मातकट दिसेल. दहा ठिकाणी हे करा. ज्यांनी हे केलं त्यांचं आकाश सहसा हळद होत नाही.

## २. चित्रातला उजेड कुठे आहे ते आधी लिहून काढा

काळ्यापांढऱ्या प्रतीवर पेन्सिलने १ ते १० आकडे टाका. १ म्हणजे सर्वांत गडद, १० म्हणजे कोरा कागद. डोळे किलकिले करून बघायचं. सर्वांत उजळ जागा शोधा आणि ती केवढी आहे ते पाहा. ती आपल्या आठवणीतल्यापेक्षा नेहमी लहान निघते. बाकीचं आकाश तिच्यापेक्षा दोनतीन पायऱ्या खाली असतं, आणि ते खाली असतं म्हणूनच ती जागा पेटलेली वाटते.

हे आकडे कॅनव्हासशेजारी चिकटवून ठेवा. पुढे शंका आली की रंग बदलण्याआधी आकडा बघायचा.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर पाहून घ्या. होडी पूर्ण दिसत नाही, तिची मागची बाजू चौकटीने कापली आहे. बघणारा होडीतच बसला आहे. काठावरून दिसेल तशी अख्खी होडी काढायची सवय आपल्या हाताला असते, समुद्रकिनारी वाढलेल्यांना तर फारच. माझ्या एका मालवणच्या विद्यार्थ्याने नकळत होडीला बाहेरची बाजू जोडली आणि चित्रातलं जोडपंच दूर गेलं.

## ३. पृष्ठभाग : पांढरा आणि गुळगुळीत

दुकानातला तयार कॅनव्हास खरबरीत असतो. पातळ थर त्याच्या खड्ड्यांत जमतो आणि आकाशावर कापडाची वीण दिसू लागते. म्हणून त्यावर जेसोचे, म्हणजे कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तराचे, आणखी तीन हात द्या. पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. नाकाला रुमाल बांधून, आणि घरात नव्हे, गॅलरीत. शेवटी ओल्या फडक्याने पुसून एक दिवस तसाच ठेवा.

इथे एक प्रचलित सल्ला मोडायचा आहे. बहुतेक व्हिडिओंत सांगतात की कोऱ्या कॅनव्हासला आधी तपकिरी वॉश, म्हणजे पातळ हात, द्या. व्यक्तिचित्राला, झाडाझुडपांना ते छान चालतं. या चित्राला दिलात तर उजेडाचा झराच बुजवलात. वर कितीही पिवळा लावा, तो तपकिरीवर बसणार.

जलरंगवाल्यांना हे पटकन कळतं, कारण त्यांचा पांढरा म्हणजे कागदच. सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगातलं आहे हे कळल्यावर लोक चकित होतात. तो प्रकाश कागद झाकून मिळाला नसता.

तपासणी : कॅनव्हास खिडकीशी तिरका धरा आणि पृष्ठभागावरून नजर फिरवा. वीण दिसत असेल तर आणखी एक हात. इथला आळस पुढे कुठल्याच पायरीवर भरून निघत नाही.

## ४. रेखाटन : चौकटी कॅनव्हासवर नाही, ट्रेसिंग पेपरवर

आपल्याकडे चौकटी पाडून मोठं करायची पद्धत सगळ्यांना येते. इथे अडचण अशी की थर पारदर्शक असतात आणि पेन्सिलच्या चौकटी वर्षभराने आकाशातून डोकावतात. म्हणून हे काम ट्रेसिंग पेपरवर करा.

प्रिंटवर रुंदीत ८ आणि उंचीत १० भाग पाडा. प्रत्येक भाग साधारण साडेतीन सेंटिमीटरचा, जवळजवळ चौरस येईल. प्रिंट त्याच मापाचा असल्याने छापूनही घेता येईल, पण मी चौकटी वापरून हातानेच काढायला लावते. छापणाऱ्याला डोलकाठी किती कलली आहे ते कळतच नाही. हात तिला आपोआप सरळ उभी करायला बघतो. फूटपट्टी चौकटीच्या कडेला समांतर लावा, डोलकाठीचं वरचं आणि खालचं टोक कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजा आणि मगच रेघ ओढा. क्षितिजाची उंची आणि दोघांच्या डोक्यांमधलं अंतरही मोजूनच.

ट्रेसिंग झालं की कागदाच्या मागच्या बाजूला कोळसा किंवा रॉ अंबरची कोरडी पूड चोळा, झटका, कॅनव्हासवर ठेवून टोकदार काडीने रेघा उतरवा.

सावधान : ऑफिसचा निळा कार्बन पेपर आणि बॉलपेन, दोन्ही वर्ज्य. माझ्या पहिल्या कॉपीत कार्बनच्या निळ्या रेघा दोन थरांतून वर आल्या आणि शहराचे मनोरे जांभळे झाले. त्या पुसता येत नाहीत, आणि झाकायला गेलात तर उजेड झाकला जातो.

उतरवलेल्या रेघा आता बारीक ब्रशने पक्क्या करायच्या : रॉ अंबर आणि भरपूर टर्पेंटाइन, तेल नाही. फ्रीडरिख स्वतः आधी खडूपेन्सिलने आणि मग बोरूने शाईत रेखाटन पक्कं करायचा, असं त्याचा मित्र कार्ल गुस्टाफ कारुसने लिहून ठेवलं आहे. होडी, माणसं, डोलकाठी स्पष्ट काढा. शहर फक्त ठिपक्यांनी. ढगांची एकही रेघ नको. दोरही आत्ता नकोत, त्यांच्या फक्त टोकांना खुणा करा.

एक दिवस वाळू द्या.

## ५. तपकिरी अधोरंग, पण फक्त गडद भागात

रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून होडीचा तळ, जोडपं, डोलकाठी आणि शिडाची सावलीची बाजू भरा. तुमच्या आकड्यांच्या चिठ्ठीतले १ ते ५ एवढेच. उजळ करायचं असेल तिथे पांढरा न लावता चिंधीने पुसून घ्या. अंबर लवकर वाळतो, एकदोन दिवसांत पुढे जाता येतं.

आकाशाला या पायरीत हातही लावायचा नाही. चुकून फटकारा गेला तर लगेच टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसा.

तपासणी : फोनने काळापांढरा फोटो काढा. गडद होडी आणि कोरं आकाश एवढ्यावरच चित्र ओळखू येत असेल तर रेखाटन बरोबर आहे. नसेल तर आत्ताच दुरुस्त करा.

## ६. आकाशाचा पहिला थर

इथे सर्वांत जास्त चित्रं बिघडतात, त्यामुळे घाई नको. एक सबंध सकाळ मोकळी ठेवा, कारण हा थर एका बैठकीतच व्हायला हवा.

आधी उरलेल्या कॅनव्हासच्या तुकड्यावर मिश्रणं करून बघा. तीन ढीग लागतील :

पहिला, उबदार : रॉ सिएना आणि त्यात इंडियन यलोचा अगदी ठिपका. पांढरा नाही.

दुसरा, मधला : रॉ सिएना, परमनंट रोज आणि किंचित पांढरा. धुळकट गुलाबी दिसायला हवा, संध्याकाळी विटांच्या भट्टीवर जसा धूर असतो तसा.

तिसरा, वरचा थंड : अल्ट्रामरीन, रॉ अंबर आणि थोडा पांढरा. हा निळा दिसता कामा नये. राखाडीच म्हणावा, फक्त उबदार रंगाशेजारी ठेवला की निळसर भासावा.

मधला ढीग कशासाठी? निळा आणि पिवळा ओले असताना भेटले की हिरवा होणारच, चित्रकार कोणीही असो. त्यांच्यामध्ये गुलाबी राखाडी घातली की पिवळ्याला निळा थेट भेटत नाही. हिरवट पट्ट्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने हा मधला पट्टा गाळलेला असतो.

माध्यम म्हणून एक भाग तेल आणि तीन भाग टर्पेंटाइन. उबदार मिश्रण क्षितिजाच्या बाजूला फ्लॅट ब्रशने लावा, आणि लगेच जुन्या सुती बनियनच्या बोळ्याने टिपून काढा. हो, काढून टाका. खालचा पांढरा चमकेल एवढाच रंग उरला पाहिजे. चिठ्ठीत जिथे ९ लिहिलंय तिथून जवळजवळ सगळाच टिपा. मग वरून थंड मिश्रण खाली आणत या, दोघांमध्ये दोन बोटं जागा सोडा, त्या जागेत मधलं मिश्रण भरा.

आता दाढीचा ब्रश. कोरडा, हलका, पिसासारखा. आडवा फिरवा, मग तिरपा. दर तीनचार फटकाऱ्यांनी केस फडक्यावर पुसा, नाहीतर वरचा राखाडी खाली वाहून न्याल. पट्ट्यांच्या सीमा विरल्या की थांबा. ‘आणखी एकदाच’ म्हणून फिरवलेला ब्रश सगळं एकसारखं करून टाकतो, आणि एकसारख्या आकाशात उजेड कुठूनच येत नाही.

डोलकाठी आणि शीड यांच्या कडांवरून आकाश थोडं आत जाऊ द्या. नेमकं कडेशी थांबलात तर पांढरी फट राहते आणि कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

तपासणी : या क्षणी आकाश फिकं, अर्धवट, काहीसं निराश करणारं दिसेल. तसंच दिसायला हवं. आत्ताच सुंदर दिसत असेल तर रंग जास्त झालाय, थोडा टिपा.

थर वाळायला पाच ते आठ दिवस धरा. बंद कपाटात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. मी एकदा पाहुणे येणार म्हणून चित्र लोखंडी कपाटामागे सरकवलं आणि तीन आठवडे विसरले. बाहेर काढलं तेव्हा वरचा राखाडी शेवाळी झाला होता. खिडकीजवळच्या उजेडात ठेवल्यावर बराचसा परतला, पण तोवर माझा धीर सुटला होता.

## ७. शहर आणि पाणी

आकाश वाळल्यावरच. शहरासाठी वेगळा रंग बनवू नका. आकाशाच्या मधल्या ढिगातच अल्ट्रामरीनचा ठिपका घाला आणि चिठ्ठीतल्या आकड्याने अर्धी पायरी गडद करा. इतका कमी फरक कसा पुरेल असं वाटतं, पुरतो. मनोऱ्यांचे आकार मऊ ब्रशने टेकवा, टोकं थोडी स्पष्ट ठेवा, पाया दाढीच्या ब्रशने पुसट करा. धुकं खाली दाट असतं.

खिडक्या काढू नका. कोणीतरी काढतंच.

पाणी म्हणजे आकाशाचाच रंग, एक-दीड पायरी खाली आणि थोडा अधिक राखाडी. फटकारे आडवे, दूर जाल तसे बारीक आणि एकमेकांच्या जवळ. लाटांवर पांढरे फेस उडवायचा मोह आवरा. क्षितिजाची रेघ पट्टीने ओढू नका. ओल्या रंगावर एकदा कोरडा ब्रश आडवा फिरवला की ती हवी तेवढी विरते.

## ८. ग्लेझ : आकाश पेटतं ते इथे

पुन्हा आठवडाभर वाळू द्या. बोटाच्या पेराने कोपऱ्यात हलकं दाबून बघा, चिकट लागलं तर आणखी दोन दिवस.

आता माध्यमात तेल वाढवायचं : एक भाग तेल, दोन भाग टर्पेंटाइन. नियम साधा आहे, प्रत्येक वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त. उलट केलंत तर वरचा थर आधी ताठर होतो, खालचा हलत राहतो, आणि चिरा पडतात.

आधी सर्वांत उजळ पट्ट्यात एक छोटं काम करा. टायटॅनियममध्ये ऑकरचा ठिपका घालून, कोरड्या ब्रशने, घासल्यासारखा पातळ हात द्या. यालाच स्कंबल म्हणतात. तो थंड आणि फिका दिसेल. चालेल. तो चारपाच दिवस वाळवा. मग त्यावरून रॉ सिएना आणि इंडियन यलोचा, पांढरा अजिबात नसलेला, काचेसारखा थर. प्रकाश त्या पिवळ्यातून आत जातो, फिक्या थरावर आपटतो आणि पुन्हा पिवळ्यातून बाहेर येतो. पांढरा आणि पिवळा पॅलेटवर एकत्र कालवून लावला असता तर नुसता फिका पिवळा मिळाला असता, बर्फीसारखा.

ग्लेझ वाळलेल्या थरावर थेंब थेंब होऊन सरकत असेल तर आधी माध्यमाचा हलका हात चोळून पुसून घ्या. चिरलेला बटाटा फिरवायची जुनी युक्तीही चालते, नंतर ओलावा टिपून मात्र घ्या.

एक ग्लेझ पुरत नाही, तीन लागतात, मध्ये वाळवून. दुसरा ग्लेझ उबदार भागाच्या थोडा वरपर्यंत न्या. तिसरा शिडावरही जाऊ द्या, म्हणजे कापडात आकाशाचा रंग उतरेल. आकाश अजूनही पेटलेलं वाटत नसेल तर उजळ भागाला हात लावू नका. वरच्या कोपऱ्यांवर अल्ट्रामरीन आणि अंबरचा एक पातळ थर द्या. शेजार अर्धी पायरी खाली गेला की मधला भाग आपोआप वर येतो.

सावधान : ग्लेझमध्ये अडकलेला केस किंवा धूळ लगेच काढा. उद्या तो भाग उकरावा लागेल आणि खड्डा दिसेल.

## ९. होडी, शीड आणि ते दोघं

तपकिरी अधोरंग खाली तयार आहे, त्यामुळे इथे काम झपाट्याने होतं. लाकडासाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, गडद भागात पातळ, उजेड पडलेल्या कडांवर किंचित जाड. शिडाच्या घड्या मोजत बसू नका, मोठ्या दोनतीन पुरतात.

स्त्रीच्या लालसर झग्यासाठी परमनंट रोज आणि बर्न्ट सिएना, पुरुषाच्या निळसर पोशाखासाठी अल्ट्रामरीनमध्ये अंबर. तिच्या गळ्याशी पांढरी लेस आहे, ती शुद्ध पांढरी काढली की सगळी नजर तिथे जाते आणि आकाश विझतं. लेस आकाशाच्या सर्वांत उजळ जागेपेक्षा निदान एक पायरी खाली ठेवा. राखाडीत रंगवली तरी ती पांढरीच वाचली जाते, लाल शेजारी आहे ना.

हात धरलेले आहेत ती जागा नखाएवढी आहे. तिथे बोटं काढू नका, दोन टोनच्या फरकाने हात दिसतात. आणि कोणाचीही कडा सगळीकडे सारखी धारदार नको. जिथे आकृती गडद लाकडावर आहे तिथे कडा हरवू द्या, जिथे पाण्यावर आहे तिथे जरा ठेवा.

## १०. दोर

सर्वांत शेवटी, पूर्ण वाळलेल्या आकाशावर. हात टेकवायला काठी घ्या. गेओर्ग केर्स्टिंगने फ्रीडरिखचं त्याच्या स्टुडिओत काम करतानाचं चित्र काढलंय, त्यात तो अशीच काठी वापरतो आणि भिंतीवर पट्ट्या टांगलेल्या आहेत. चित्रकारांच्या विशेष काठीऐवजी पडद्याची लाकडी दांडी चालते, टोकाला कापूस आणि कापड बांधून.

रिगर ब्रशमध्ये रंग शाईसारखा पातळ हवा. श्वास सोडत, खांद्यातून, एका ओढीत दोर काढा. मधेच थांबलात तर गाठ पडते. चुकला तर ओल्यातच टर्पेंटाइनच्या काडीने पुसता येतो, कारण खालचं आकाश वाळलेलं आहे. आधी दोर काढून त्यांच्यामधून आकाश भरणाऱ्यांना ही सोय नाही.

सैल दोर वजनाने किंचित झुकतो. पट्टीने ओढलात तर विजेच्या तारा दिसतील. आणि दोर उजळ आकाशावरून जातो तिथे प्रकाश त्याच्या कडा खातो. तेवढ्या भागात तो अधिक बारीक आणि तांबूस करा, बाजूला आला की पुन्हा गडद. एवढ्या एका गोष्टीने आकाश आणखी उजळलेलं वाटतं, एक थेंब पांढरा न घालता.

तपासणी : चित्र आरशात बघा. डोलकाठीचा कल आणि क्षितिज चुकलं असेल तर तिथेच लक्षात येतं. मग काळापांढरा फोटो काढून चिठ्ठीतल्या आकड्यांशी ताडा. आकडे जुळत असतील आणि तरी ‘काहीतरी कमी’ वाटत असेल तर चित्र आठवडाभर भिंतीकडे तोंड न करता, उघडंच ठेवा आणि हात लावू नका.

## ११. वार्निश, मागची बाजू, टांगणं

निदान सहा महिने वार्निश नाही. कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये किंचित ओली करून कोपऱ्यात फिरवा. रंग उतरला तर थर अजून कच्चे आहेत. मधल्या काळात काही भाग चमकदार, काही निस्तेज दिसतील, ते वार्निशने एकसारखे होतात. चित्रांसाठीचं सिंथेटिक वार्निश घ्या, फर्निचरचं नव्हे.

फ्रीडरिख १८४० साली वारला, त्यामुळे त्याच्या चित्राची कॉपी करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण पुढच्या बाजूला त्याची सही काढू नका. मागे पक्क्या शाईत लिहा : ‘कास्पर डाव्हिड फ्रीडरिख यांच्या चित्रावरून’, खाली तुमचं नाव आणि तारीख. शाई कॅनव्हासच्या कापडावर नको, लाकडी चौकटीवर.

पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. दुसरी जागा नसेल तर चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीची बुचं चिकटवा, म्हणजे चित्र आणि भिंतीमध्ये बोटभर हवा खेळते आणि मागच्या कापडाला बुरशी धरत नाही.